मुलुंडची चुलत बहीण

(विलेपार्ले पूर्व. जुनी इमारत पाडून उभ्या केलेल्या टॉवरचा नववा मजला. गुढीपाडव्याची सकाळ, आठ वाजायला आलेत. नवरा-बायको, दोघंही साठीच्या आसपास.)

जयंती : म्हणजे काठी धुऊ नको?

नंदकिशोर : धुवायला हरकत नाही. स्वच्छता केव्हाही चांगली. उभारायची नाही, एवढंच म्हणतोय.

जयंती : अहो, कडुलिंब आणलाय, गाठी आणल्यात, तांब्या असा घासलाय की त्यात माझी हनुवटी दिसतेय. आणि हे आत्ता सांगताय?

नंदकिशोर : काल सांगितलं असतं तर काल भांडण झालं असतं. एक दिवस वाचला.

जयंती : कारण काय?

नंदकिशोर : कारणं पुष्कळ आहेत. पहिलं, सोसायटीचं सर्क्युलर. इमारतीच्या दर्शनी भागावर काहीही टांगू नये.

जयंती : ते ओल्या टॉवेलांसाठी आहे. शेवटी लिहिलंय, गुढी वगळून. ते सर्क्युलर तुम्हीच लिहिलंय.

नंदकिशोर : बरं. दुसरं कारण तात्त्विक आहे. वर्ष आजच सुरू होतं हे ठरवलं कोणी? समोरच्या हर्षदभाईंचं दिवाळीत होतं. पारशांचं ऑगस्टमध्ये. शाळेचं जूनमध्ये, इन्कम टॅक्सचं एप्रिलमध्ये. रोमन लोकांचं आधी मार्चमध्ये व्हायचं, मग त्यांच्या अधिकाऱ्यांना खुर्चीवर लवकर बसायचं होतं म्हणून ते जानेवारीत ढकललं. विलायतेत तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीपर्यंत पंचवीस मार्चला नवीन साल उजाडायचं. म्हणजे एकूण मनाला येईल तेव्हा.

जयंती : हे सगळं तुमच्या लेखात असतं. सोसायटीच्या पाडवा पत्रकात, पान दोन. तेहेतीस वर्षं वाचतेय. आणि तेहेतीस वर्षं लेख लिहून झाला की तुम्ही मुकाट्याने स्टुलावर चढून गुढी उभारलीत. यंदा काय झालं?

नंदकिशोर : यंदा मी वाचलेलं मला पटलं.

जयंती : यंदा तुम्ही लेखच दिला नाहीत.

नंदकिशोर : दिला नाही कसा? छापून आलाय की.

जयंती : सीताराम सामंतांनी गेल्या वर्षीचाच छापला. तुम्ही फोन उचलेनात म्हणून.

नंदकिशोर : अरे! मग तो तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला, काका, यंदा लेख फारच छान उतरलाय?

जयंती : चौघांनी सांगितलं मला. गेल्या वर्षीपेक्षा बरा आहे म्हणाले.

नंदकिशोर : हे असं आहे वाचकांचं. बाबिलोनचा राजा सुखी. त्याला निदान थोबाडीत तरी बसायची.

जयंती : कोणाला?

नंदकिशोर : गेल्या वर्षी लिहिलं होतं. म्हणजे यंदाही आलं असणार. बाबिलोनमध्ये वसंतात नवीन वर्ष. चार हजार वर्षांपूर्वी. त्या दिवशी राजाला देवळात न्यायचे, मुकुट काढून घ्यायचे आणि मुख्य पुजारी त्याच्या फाडकन थोबाडीत द्यायचा. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न, वर्ष चांगलं जाणार.

जयंती : आणि नाही आलं तर?

नंदकिशोर : तर शत्रू येणार, राज्य बुडणार.

जयंती : म्हणजे पुजाऱ्याचा हात चांगला हवा.

नंदकिशोर : सगळा इतिहास त्याच्यावर अवलंबून होता.

जयंती : बेल वाजली. सोसायटीचे दत्ताराम असणार, काठी बांधायला. त्यांना काय सांगू? बाबिलोन?

दत्ताराम : मी इलंय वहिनीनू. बाकीचे सगळे मजले झाले. तुमची काठी ह्या एसीच्या ब्रॅकेटाक बांधली की मी घराक जाऊक मोकळो. तार आणलंय, पक्कड आणलंय. गेल्या सालात बाराव्या मजल्यार सुतळीन बांधल्यानी नि गुढी गेली पार्किंगात. गाडीच्या काचेर तांबो. सणाच्या दिवशी पोलीस येवचे रवले थोडक्यात. म्हणान ह्या वर्सापासून सगळ्यांच्यो काठ्यो मीच बांधतंय.

जयंती : हे म्हणतात, यंदा नको.

दत्ताराम : नको? म्हंजे?

नंदकिशोर : गुढी नाही उभारत यंदा, दत्ताराम. चहा घे.

दत्ताराम : चहा घेतंय. पण साहेबानू, गुढी नाय म्हंजे काय? आमच्यात घरात मयत झाला तरच वर्साचो सण ऱ्हवता. तुमच्याकडे कोण गेला काय? माका कोणी सांगूक नाय. माझा येणा झाला असता.

नंदकिशोर : नाही, नाही. कोणी गेलं नाही.

दत्ताराम : मगे?

नंदकिशोर : असंच.

दत्ताराम : असाच गुढी नाय उभारीत कोण. असाच टीव्ही बघतत.

जयंती : दत्ताराम, तुम्ही तेवढं टेरेसवरच्या टाकीचं बघून या. मग या इकडे. तोवर ठरेल.

दत्ताराम : येतंय. पण मुहूर्त धा वाजेपर्यंतच हा. आणि माझ्याकडे तार एवढीच उरली.

जयंती : गेले. आता बोला. कोणी गेलं नाही?

नंदकिशोर : आपल्या घरातलं कोणी नाही.

जयंती : शर्मिष्ठा.

नंदकिशोर : काय म्हणालीस?

जयंती : शर्मिष्ठा गेली, म्हणून गुढी नको. बरोबर ना?

नंदकिशोर : तुला… हे नाव तुला कोणी सांगितलं?

जयंती : आधी तुम्हाला कोणी सांगितलं ते सांगा.

नंदकिशोर : कॉलेजच्या ग्रुपवर आलं. सोळा फेब्रुवारीला. आपली शर्मिष्ठा राहिली नाही, मुलुंडला, पाच दिवसांपूर्वी. पस्तीस जणांनी हात जोडले. मी पण जोडले. छत्तिसावा. मग लगेच कोणीतरी वड्याच्या पिठात मोहन किती घालायचं ते टाकलं. त्यालाही काही जणांनी हात जोडले.

जयंती : आणि तुम्ही गप्प राहिलात.

नंदकिशोर : मी काय म्हणणार होतो? मी तिचा कोण? तिला नवरा आहे, मुलगी आहे, दीर-जावा असतील. दहावं त्यांनी केलं, तेरावं त्यांनी केलं. मला अर्ध्या दिवसाचंही सुतक नाही. मी म्हटलं, एक काठी तेवढी उभी करायची नाही. कोणाला कारण कळणार नाही, कोणाचं नुकसान नाही. एसीच्या ब्रॅकेटला आराम. जयंती, कॉलेजातलं होतं गं ते. आपल्या लग्नाच्या आधीचं. नंतर मी तिला एकदाही भेटलो नाही. आईची शपथ.

जयंती : शपथ नको. तुम्ही भेटला नाहीत हे मला माहीत आहे. मी भेटत होते.

नंदकिशोर : कोणाला?

जयंती : दर जानेवारीत मी मुलुंडला कोणाकडे जाते?

नंदकिशोर : चुलत बहिणीकडे.

जयंती : नाव काय तिचं?

नंदकिशोर : अगं ती… कुमुद.

जयंती : कुमुद माझी मावशी. सत्त्याण्णव साली गेली. तेराव्याला तुम्ही तीन वेळा बासुंदी घेतली होतीत.

नंदकिशोर : मग ही कोण?

जयंती : मुलुंडला मला चुलत बहीण नाहीये. मला कुठेच चुलत बहीण नाहीये, माझे बाबा एकुलते एक. पस्तीस वर्षांत तुम्ही एकदा विचारलं असतंत तर मला खोटं पुढे रेटता आलं नसतं.

नंदकिशोर : तू तिच्याकडे जात होतीस? पस्तीस वर्षं?

जयंती : आपल्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. एक जानेवारीला कार्ड आलं. श्री. व सौ. म्हणून. आत छापील शुभेच्छा, आणि खाली पेनाने लिहिलेलं, हे वर्ष चालेल का? तुम्ही वाचलंत, पंचांगाखाली सारलंत आणि अंघोळीला गेलात. अंघोळीला पाऊण तास लागला.

नंदकिशोर : आठवतं.

जयंती : मी नवी सून. घरात आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, एवढं मला आईने शिकवून पाठवलेलं. मी उत्तर लिहिलं. हो, चालेल, कार्ड छान आहे, कागदही जाड आहे. पुढच्या वर्षी कार्ड माझ्या एकटीच्या नावाने आलं. त्यात फोन नंबर होता.

नंदकिशोर : मला वाटलं ते एकच आलं.

जयंती : छत्तीस आली. शेवटची दहा-बारा मोबाइलवर.

नंदकिशोर : आणि मग तू तिला… तिने तुला सांगितलं?

जयंती : पहिल्याच भेटीत. स्टेशनजवळच्या हॉटेलात. मी विचारलं, हे वर्ष चालेल का म्हणजे काय? ती हसायला लागली. म्हणाली, तुझ्या नवऱ्याने एकतीस डिसेंबरला मला सांगितलं, नवीन वर्षात आईशी बोलतो. एक जानेवारी गेली. मी विचारलं, तर म्हणाला, हे नवीन वर्ष आपलं नव्हे, इंग्रजांचं, पाडव्याला बोलतो. पाडवा गेला. मग म्हणाला, पतेतीला. आम्ही दोघंही पारशी नव्हतो.

नंदकिशोर : ते मी गमतीत म्हटलं होतं.

जयंती : मग दिवाळीचा पाडवा. मग परत एक जानेवारी. ती म्हणाली, मला तेव्हा कळलं की जगात नवीन वर्षं किती आहेत. त्याच्यामुळे माझं सामान्यज्ञान वाढलं.

नंदकिशोर : असं म्हणाली?

जयंती : हसत म्हणाली. मग हात धुवायला गेली. तिलाही पाऊण तास लागला.

नंदकिशोर : तुला राग नाही आला?

जयंती : यायला हवा होता. मी फार प्रयत्न केला. पहिली दोन वर्षं जाताना मुद्दाम ठेवणीतली साडी नेसून गेले. तिसऱ्या वर्षी तिने विचारलं, ही कुठे घेतलीस? आणि दोघी दादरला गेलो. त्यानंतर राग धरून ठेवणं जमलं नाही. चार तास एका बाईबरोबर रंग बघितले की संपलं.

नंदकिशोर : माझ्याबद्दल काय बोलायचात?

जयंती : पहिल्या वर्षी तुमच्याबद्दल. दुसऱ्या वर्षीही थोडंफार. मग मुलं, मग तिच्या नवऱ्याचं, यज्ञेशचं, ब्लडप्रेशर, मग आमचे गुडघे. तुमचा विषय मागे पडत गेला. वाईट वाटून घेऊ नका.

नंदकिशोर : नाही. ते योग्यच आहे.

जयंती : तुमचा लेख मात्र मी दर वर्षी नेऊन द्यायचे. आदल्या पाडव्याचा, जानेवारीत.

नंदकिशोर : तिला? माझा लेख?

जयंती : पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. शालिवाहनाने मातीचे सैनिक केले, ब्रह्मदेवाने जग केलं, रोमन, बाबिलोन, सगळं. घडी करून पर्समध्ये ठेवायची आणि म्हणायची, अजून शोधतोय गं हा. कोणत्या वर्षात बोलायचं ते.

नंदकिशोर : खिडकी लाव जरा. खालून ढोल-ताशा येतोय.

जयंती : शोभायात्रा आहे. दर वर्षी असते. तुम्हाला आज ऐकू आली.

नंदकिशोर : फार आजारी होती?

जयंती : दिवाळीपासून. यंदा जानेवारीत मी चार वेळा गेले. तुम्हाला सांगितलं, बहिणीला बरं नाही. तुम्ही म्हणालात, सफरचंदं घेऊन जा.

नंदकिशोर : नेलीस?

जयंती : नेली. म्हटलं, नंदूने पाठवलीत. तिला चावता येत नव्हतं. तिच्या मुलीने, श्रुतिकाने, किसून चमच्याने भरवली. अर्धं खाल्लं असेल. म्हणाली, बघ, शेवटी काहीतरी पाठवलंन.

नंदकिशोर : तू मला तेव्हा सांगायला हवं होतंस. मी आलो असतो.

जयंती : आला असतात? मी तिला विचारलं होतं, आणू का त्याला? दोन फेब्रुवारीला. ती म्हणाली, नको. मी गेले की लगेच सांगूही नकोस. पाडवा होऊ दे, मग सांग. लेखाच्या दिवसांत त्याला एरवीही काही सुचत नाही. अकरा तारखेला श्रुतिकाचा फोन आला, तेव्हा मी पोळ्या करत होते. तुम्ही बाहेर बसून बाबिलोन वाचत होतात. मी उरलेल्या चार पोळ्या केल्या आणि तुम्हाला वाढलं.

नंदकिशोर : मला काही कळलंच नाही.

जयंती : सव्वा महिना मी गोड खाल्लेलं नाही. चहातसुद्धा साखर नाही. समोर बसून पिते रोज.

नंदकिशोर : मला वाटलं शुगर निघाली असेल. तू सांगत नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही.

जयंती : आणि मला वाटलं, तुम्ही दाढी करत नाही म्हणजे निवृत्तीचा कंटाळा आला असेल. मग सामंतांनी लेखासाठी मला फोन केला तेव्हा उमजलं, तुम्हालाही कळलंय. म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलावर, एकाच बाईचं सुतक दोघं चोरून पाळतोय. आणि तुम्हाला वाटतंय, गुढी नाही उभारली तर मला कळणार नाही.

नंदकिशोर : जयंती, मी तुझ्याशी वाईट वागलो का?

जयंती : नाही. वाईट वागला असतात तर सोपं झालं असतं. तुम्ही चांगलेच वागलात. पगार हातात दिलात, आजारपणं काढलीत, आपल्या लेकीच्या, गंधालीच्या, शाळेच्या रांगेत पहाटे चारला उभे राहिलात. फक्त दर पाडव्याला स्टुलावर चढून काठी बांधताना तुमचं तोंड असं व्हायचं, जणू ती काठी दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीत लागायला हवी होती. खालून स्टूल धरणाऱ्या माणसाला तोंड नीट दिसतं.

नंदकिशोर : असं नव्हतं गं.

जयंती : असंच होतं. मी त्यावर रडून घेतलंय. शहाण्णव साली, चांगलं आठवडाभर. तुम्ही ऑडिटसाठी नागपूरला होतात. ते जाऊ दे. माझा तुमच्यावर राग असा नाहीच. आईंवर होता. आम्हा दोघींचाही.

नंदकिशोर : आईवर का?

जयंती : का म्हणजे? त्या नाही म्हणाल्या म्हणून हे सगळं झालं. तिचं तसं, तुमचं असं, माझं हे. माझ्या आमटीला ज्यांनी एकोणीस वर्षांत बरी म्हटलं नाही, त्या दुसरं काय करणार होत्या?

नंदकिशोर : आई नाही म्हणाली, हे कोणी सांगितलं?

जयंती : शर्मिष्ठाने. तिने तेच धरलं. तुम्ही शेवटी बोललात, त्या नाही म्हणाल्या, आणि तुम्हाला ते तिला सांगायचं धाडस झालं नाही. दुसरं काय असणार?

नंदकिशोर : आई हो म्हणाली होती.

जयंती : पुन्हा सांगा.

नंदकिशोर : एकोणनव्वदच्या पाडव्याला बोललो मी. खरंच बोललो. गुढी उभारून झाली होती, आई कडुलिंब वाटत होती. मी म्हटलं, आई, एक मुलगी आहे. ती म्हणाली, एवढंच ना? मग इतके दिवस झोपला होतास का? घेऊन ये संध्याकाळी, पन्हं करते. वाटणं थांबवलंसुद्धा नाही तिने.

जयंती : मग?

नंदकिशोर : मग मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या घरी गेलो. दारात चपला फार होत्या. आठ दिवसांपूर्वी साखरपुडा झाला होता. सासरची माणसं पाडव्याची साडी घेऊन आली होती. तिचा भाऊ म्हणाला, ये नंदू, श्रीखंड खाऊन जा.

जयंती : खाल्लंत?

नंदकिशोर : खाल्लं. घरी येऊन आईला सांगितलं, ती मुलगी नाही म्हणाली. आई त्या दिवसापासून तिच्यावर चिडून होती. माझ्या मुलाला नाही म्हणणारी ही कोण, म्हणून. मग पुढच्या वर्षी तुझ्या बाबांकडे स्वतःच गेली. मला विचारलंच नाही. म्हणाली, तू बोलायला लागलास तर दहा वर्षं जातील.

जयंती : म्हणजे अडचण काय होती?

नंदकिशोर : काही नव्हती.

जयंती : जात, पत्रिका, घर, पैसे?

नंदकिशोर : काही नाही. आईला विचारायची भीती वाटत होती, एवढंच. आणि भिण्यासारखं तिथे काही नव्हतं. आत अंधार असेल म्हणून दोन वर्षं दारातच उभा राहिलो गं, आणि आत दिवा होता. हे कोणाला सांगणार? माणसं एवढी वर्षं मोजतात कशाला, ते मला तेव्हा कळलं. पंडित म्हणतात, पेरणीसाठी, सारा वसूल करण्यासाठी, राजाच्या राज्याभिषेकासाठी. खोटं आहे. कोणीतरी कोणालातरी पहिल्यांदा म्हणालं असेल, आत्ता नको, पुढच्या वर्षी. त्या दिवशी वर्ष सुरू झालं.

जयंती : हे का नाही लिहीत लेखात?

नंदकिशोर : सामंत छापणार नाही. त्याला शालिवाहन लागतो.

जयंती : आई गेल्या ना, दोन हजार नऊला, तेव्हा मी तिला सांगितलं होतं. इडली खात होतो. तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, जाऊ दे, गेल्या आता. मी त्यांना माफ केलं. वीस वर्षं शिव्या घालत होते, आजपासून बंद. आणि इतकी मोकळी झाली हो त्या दिवशी. स्टेशनपर्यंत माझ्या खांद्यावर हात टाकून चालली. ज्या बाईने पन्हं करते म्हटलं, तिला माफ केलं तिने.

नंदकिशोर : नको.

जयंती : आणि मी पण मान डोलावली. मी पण त्यांना शेवटची दोन वर्षं, अंथरुणावर होत्या तरी, एकदासुद्धा मनापासून… तुम्ही हे कोणालाच का नाही सांगितलंत? तिला तरी?

नंदकिशोर : सांगणार होतो.

जयंती : कधी?

नंदकिशोर : सांगणारच होतो गं. योग्य वेळ बघून. तिला वाटत राहू नये की आईने… मी खरंच सांगणार होतो.

जयंती : कोणत्या वर्षी?

नंदकिशोर : थांब. चष्मा काढू दे.

जयंती : अहो. मी मुद्दाम नाही विचारलं. तोंडून गेलं. बसा. इथे बसा. पंचा देऊ? हा घ्या, हा गुढीचा खण आहे, राहू दे, ह्यालाच पुसा. यंदा कुठे लागतोय.

नंदकिशोर : सव्वा महिन्यात आलं नव्हतं पाणी. मला वाटलं, आता येतच नाही.

जयंती : आलं ना. बाबिलोनचं राज्य वाचलं.

नंदकिशोर : तुझा हात चांगला आहे.

जयंती : एकोणीस वर्षं आईंच्या हाताखाली होते. बेल वाजतेय. तुम्ही उठू नका, मी बघते.

दत्ताराम : वहिनीनू, टाकी बरी हा. नऊ वाजून गेले. मुहूर्त टळतलो. बांधू मां काठी?

जयंती : नको, दत्ताराम. दाराआड ठेवा ती. पुढच्या वर्षी लागेल. आणि ह्या गाठी घेऊन जा, तुमच्या नातीला द्या. आमच्याकडे यंदा सण नाही.

दत्ताराम : सण नाय? मघाशी साहेब म्हणाले, कोण जाऊक नाय.

जयंती : त्यांना आत्ता कळलं.

दत्ताराम : अरे देवा. म्हणान रडतत ते. कोण गेला, वहिनीनू?

जयंती : माझी बहीण. मुलुंडला असायची.

दत्ताराम : दर जानेवारीत तुमी जेच्याकडे जायत होतास, ती? चुलत मां?

जयंती : नाही. सख्खी.